कंसात, उत्तर नाही

शेवटचा साधा दिवस इतका साधा होता की नंतर त्यातलं काही हाताला लागेना. सुट्टीचा दिवस. दुपारची जेवणं उरकलेली, ताटं धुऊन पालथी घातलेली, आणि ती जेवणाच्या टेबलाशी आठवड्याभराची टिपणं नीट करत बसलेली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात घातली होती आणि तिच्यावर एक कबूतर मालकासारखं फिरत होतं. बाबा स्वयंपाकघरात होते आणि नेहमीप्रमाणे बोलत होते. "गॅस बंद केला. खालचा कॉकपण केला. दुधावर झाकण ठेवतोय. खिडकी अर्धी लावतोय, पूर्ण नाही." मग टॉवेलला हात पुसत ते दारात आले. "जरा पडतो. चष्मा काढतोय. उशीच्या उजव्या बाजूला ठेवतोय." आणि थांबले. प्रत्येक वाक्यानंतर ते असे थांबायचे, समोरच्यासाठी थोडी जागा सोडल्यासारखे. तिने मान वर केली नाही. आदल्या दिवशीची व्याख्यानं अजून कानात पडून होती, आणि सुट्टीच्या दिवशी कान मिटता येत नाहीत याचा तिला नेहमीसारखाच बारीक राग आलेला होता. बोटं मात्र टेबलाच्या कडेवर हलली. बाबांचं वाक्य बोटांनी टाइप करण्याच्या सवयीने उतरवून घेतलं. बाबांनी बोटांकडे पाहिलं. "लिहिलंस ना? मग पुढेही लिही. कंसात, उत्तर नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खुसखुसत ते आत गेले. पलंग करकरला. चष्म्याची काडी मिटल्याचा चिमुकला आवाज आला. चहाच्या वेळी ती हाक मारायला गेली तेव्हा चष्मा उशीच्या उजव्या बाजूलाच होता.

कामावर परत आल्यानंतर भूगर्भशास्त्राच्या एका तासाला बाबांचं ते चष्म्याचं वाक्य पडद्यावर उमटलं.

कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य कक्षात ती लेखनिक होती. कुणाचा हात थरथरतो म्हणून त्याला टिपणं लिहून हवी असतात. कुणाला फळा दिसत नाही म्हणून ठळक, मोठ्या अक्षरांत. कुणाचं लक्ष दर दोन वाक्यांनी खिडकीबाहेर उडी मारतं म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांत. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या शेजारी बसून वर्गात जे जे बोललं जाईल ते ते ती टाइप करत जायची. ती इथे टाइप करे आणि अक्षरं तिथे विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटत जात. या कामाचे नियम थोडे होते, पण कडक. लेखनिक वर्गात नसतो. तो हसत नाही, मान हलवत नाही, प्राध्यापकांनी त्यालाच काही विचारलं तर उत्तर न देता तो प्रश्न टाइप करतो. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, आणि कुणाचं काही गाळायचं नाही. जे शब्दांत नसतं ते कंसात लिहायचं: (सर खोकतात), (मागच्या बाकावर हशा), (बाहेर ट्रक उलटा घेतला जातोय). आणि प्रत्येक वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव, निदान खूण, आलीच पाहिजे. ऐकणाऱ्यांना आवाजाची दिशा आयती मिळते. वाचणाऱ्याला ती कुणीतरी द्यावी लागते.

त्या तासाला तिच्या शेजारी वकीलबाई होती. हे नाव वर्गाने ठेवलेलं. तापात लहानपणीच कान गेलेली, शिडशिडीत, आणि हक्काच्या बाबतीत बोटभरही मागे न सरणारी मुलगी. पहिल्याच दिवशी तिने आपल्या जरा जड, जरा मोठ्या आवाजात बजावलं होतं, "ताई, सारांश नको. घरी सगळे सारांशच देतात. आई फोनवर तासभर बोलते. मी विचारलं काय झालं, तर म्हणते, काही नाही गं, मावशी बरी आहे. तासभर फक्त मावशी बरी असते का?" तेव्हापासून ती या मुलीला सगळं देत आली होती. सरांचे दर वर्षी त्याच जागी येणारे विनोद, त्यावर दर वर्षी नवी मुलं हसतात ते हसू, पंख्याची कुरकुर. एकदा कुणीतरी मागून या मुलीबद्दलच वाकडं बोललं. तेही तिने जसंच्या तसं, खुणेसकट टाइप केलं होतं. वकीलबाईने मागे वळून नेमक्या त्या मुलाकडे पाहिलं आणि गोड हसली. तो मुलगा पुढे बरेच दिवस पहिल्या बाकावर बसत होता.

सर नदीबद्दल सांगत होते. नदी वेगात असते तेव्हा सगळं उचलून नेते. सपाटी आली, वेग मंदावला, की हातातलं एकेक खाली ठेवायला लागते. आधी मोठे दगडगोटे, मग वाळू, आणि अगदी शेवटी, पाणी जवळजवळ निजल्यासारखं झालं की, जो गाळ बोटांना जाणवतही नाही तो. मग ते फळ्याकडे वळले आणि आकृती काढू लागले. वर्ग शांत झाला. अशी शांतता तिच्या बोटांना विसाव्यासारखी असायची. (सर आकृती काढतात) एवढं लिहिलं की थांबायचं. ती थांबली. बोटं थांबली नाहीत. तिला ती हलताना दिसत होती, पण ती काय लिहिताहेत हे तिला वकीलबाईच्या पडद्यावर वाचावं लागलं. "जरा पडतो. चष्मा काढतोय. उशीच्या उजव्या बाजूला ठेवतोय." नदीच्या गाळाखाली, सरळ, स्वच्छ, एकही चूक न करता. वाक्याआधी कुणाची खूण नव्हती.

वकीलबाईने पडद्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग मागे पूर्ण वर्गावर नजर फिरवली. कुणाचेच ओठ हलत नव्हते. पडद्याच्या तळाशी तिच्यासाठी एक लहान चौकट होती. त्यात मुलीने लिहिलं: कोण म्हणालं? पडद्यावर गेलेलं मागे घ्यायचं नाही हाही नियमच. तिने घाईघाईने टाइप केलं: (चूक. दुर्लक्ष करावे.) चौकटीत लगेच उत्तर आलं: चूक कशी? कुणीतरी म्हणालंच असणार. कोण? तेवढ्यात सर वळले, "हं, तर त्रिभुज प्रदेश," म्हणाले आणि बोटं पुन्हा त्यांची झाली.

हाताला काम असलं की तिचं मन मोकळं सुटायचं. शब्द कानातून बोटांत जात, मध्ये तिच्यावाचून त्यांचं काही अडत नसे. बाबा म्हणायचे, "माझी मुलगी कॉलेजात बोलणाऱ्यांची हमाली करते. ओझं दुसऱ्याचं, डोकं हिचं." ते स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या अंधाऱ्या बोगद्यात, खाली उतरून काम केलं. वर मशीनच्या खोलीत, मेन स्विचपाशी, त्यांचा जोडीदार. ती लहानपणी त्याला वरचे काका म्हणायची, आणि पुढे अख्खं घरच म्हणू लागलं. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून खालच्याने प्रत्येक गोष्ट करण्याआधी मोठ्याने बोलायची. कव्हर काढतोय. हात आत घालतोय. वरच्याने ते वाक्य परत म्हणायचं, आणि शेवटी म्हणायचं, ऐकलं. तो शब्द आल्याशिवाय खालच्याने हलायचं नाही. गप्प राहणं म्हणजे धोका. हे इतकं अंगात मुरलं की बाबा घरीही तसेच बोलत. दार लावतोय. दिवा घालवतोय. परीक्षेच्या दिवसांत सकाळी तिच्या खोलीच्या दारातून, "पोरी, पंखा एकने कमी करतोय." आणि ती पांघरुणातून, डोळे न उघडता, "पंखा एकने कमी केलाय, ऐकलं!" तो त्यांचा खेळ होता. आई म्हणायची, या घरात माझंच कुणी ऐकत नाही आणि पंख्याचं दोघं ऐकतात.

आई गेल्यावर घरात दोघंच उरली आणि बाबांचं बोलणं वाढलं. किंवा तितकंच राहिलं आणि ऐकणारे कमी झाले. मग तिला ही नोकरी लागली. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाहून ती घरी यायची तेव्हा कान सुजल्यासारखे वाटायचे. चप्पल काढता काढता आतून सुरू व्हायचं, "आलीस? पाणी ठेवतोय. माठातलं." सुरुवातीला ती म्हणायची, ऐकलं. मग नुसतं हं. मग मान. मग, केव्हापासून ते तिला खरंच आठवत नव्हतं, बोटं. ती सोफ्यावर बसायची, डोळे मिटायची, आणि मांडीवर बोटं बाबांना उतरवून घेत राहायची. बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा ते खूश झाले. "अरे वा, फुकटात लेखनिक!" मग आपले कंस ते स्वतःच सांगू लागले. "कंसात, म्हातारा शिंकतो." आत्या येऊन तक्रारींचा पाढा वाचून गेली की दार लावल्यावर, "कंसात, घर सुस्कारा टाकतं." ती डोळे मिटूनच हसायची. तिला ते आवडायचं. अर्धवट झोपेत, त्या खरखरीत आवाजातून घर वस्तूवस्तूने जागेवर बसत जायचं. खिडकी अर्धी, दूध झाकलेलं, कुलूप लावलेलं. आपल्याला काहीच पाहावं लागत नाही, कुणीतरी सगळं पाहून सांगतंय. तसं शांत तिला दुसऱ्या कुठल्या आवाजात कधी वाटलं नाही. हे तिने बाबांना सांगायचं ठरवलंही नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

(सर घड्याळ पाहतात), बोटांनी लिहिलं.

बाबा गेल्याचं तिने सगळ्यांना टाइप करून कळवलं. माणसं आली. बसली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा शेजाऱ्यांनी आणून दिल्या. प्रत्येकाने, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, आवाज उतरवून तेच विचारलं, "शेवटी काही बोलले का?" ती म्हणायची, नाही, झोपेतच. ते खरं होतं. चष्मा उशीच्या उजव्या बाजूला, हे काय सांगायचं? माणसांना शेवटचं वाक्य हवं असतं, आणि ते कसं असायला हवं हेही त्यांचं ठरलेलं असतं. आत्याने तर तिच्या वतीने एक तयारही केलं. "पोरीला सांभाळा म्हणाला असेल गं, मनात." तिने मान हलवली. डोळे कोरडे होते आणि हात मांडीखाली दाबून धरलेले. कारण बोटं आत्याचं वाक्यही उतरवून घेत होती आणि पाहणाऱ्याला ती थरथर वाटली असती.

सगळ्यांनंतर वरचे काका आले. वाकलेले, पण हात अजून दणकट. खुर्चीच्या कडेवर बसले, नजर छताकडेच. "तुझा बाप म्हणजे रेडिओ होता, रेडिओ," ते म्हणाले. "पण बंद पडला की मी वरून हाका मारत सुटायचो. एकदा काय झालं, मी वर वॉचमनशी वाद घालत होतो. हा खालून म्हणाला, हात आत घालतोय. मी ऐकलं. स्विच बंदच होता. पण वादाच्या नादात मी बोललो नाही. बऱ्याच वेळाने वाटलं, हा गप्प का? खाली पळालो. बघतो तर हा तसाच! हात हवेत. घामाने निथळलेला. म्हटलं, अरे शहाण्या, घालायचा ना हात, मी ऐकलं होतं. तर काय म्हणतो, तू कुठे बोललास?" काकांना हसू आलं. "त्याला ऐकलेलं चालायचं नाही बघ. ऐकलं म्हटलेलं लागायचं." मग तेही विचारायचं ते विचारून गेले. "शेवटी काही बोलला का गं?" "नाही, काका."

त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढे बाबा पलंगाशी उभे होते. काढलेला चष्मा हातात, हात हवेत. एखाद्या नेहमीच्या तासाला, भाजी निवडताना, जिना चढताना मध्येच, त्यांचा तो हात तिला दिसायचा. पण चष्मा तर उशीच्या उजव्या बाजूला होता. म्हणजे त्यांनी तो ठेवला. उत्तर नसताना ठेवला. जो माणूस त्या एका शब्दावाचून बोटभर हलत नसे तो त्या दुपारी हलला, आडवा झाला आणि गेला. का? तिची बोटं हललेली पाहून, हेच उत्तर, असं त्यांनी मानून घेतलं का? की किती दिवसांपासून ते मानून घेतच होते, आणि वरून कुणी बोलत नाही ही सवय करून घेऊन रोज एकेक पाऊल अंधारात टाकत होते? ते हसले होते. हसू तिने स्वतः ऐकलं होतं. पण सर दर वर्षी त्याच जागी विनोद करतात आणि कुणी हसलं नाही तर स्वतःच हसतात, हेही तिने अनेकदा कंसात लिहिलं होतं. या प्रश्नाचं उत्तर आता कुणाकडेच नव्हतं. आणि तो विचारण्यासाठी तिच्याकडे आवाजही नव्हता, नुसती बोटं होती. तीच आज तिला न विचारता बोलून मोकळी झाली होती.

तास संपला. बाकं सरकली, वर्ग रिकामा होत गेला. कुणीतरी पंखा बंद केला. तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला तेव्हा वकीलबाईने स्वतःचा हात त्यावर ठेवला.

"कोण म्हणालं ते?"

"चूक झाली, सांगितलं ना." ती मान खाली घालून वायर गुंडाळू लागली.

"ताई, मान वर. मला दिसत नाही."

तिने मान वर केली. पण हात नकळत तोंडाशी गेला होता. मुलीने आपल्या हाताने खूण केली, खाली घ्या. हे सगळे नियम तीच नव्या लेखनिकांना शिकवायची. ओठ वाचणाऱ्याशी बोलताना तोंडावर हात नको. मान खाली नको. उजेडाकडे पाठ नको. आणि एकटा शब्द टाकू नका, एकट्या शब्दाला ओठांवर काही आधार नसतो, पूर्ण वाक्य बोला. इतके दिवस ज्या ज्या खुर्चीवर ती बसली होती तिथे तिने नेमकं याच्या उलट केलं होतं, आणि लोकांनी त्याला दुःख म्हणून समजून घेतलं होतं.

"माझ्या बाबांचं वाक्य आहे," ती म्हणाली.

"ते इथे कुठे होते?"

"नव्हते. ते गेले. मी रजेवर होते ना, तेव्हा." आणि तिच्या लक्षात आलं की हे ती पहिल्यांदाच तोंडाने सांगत होती.

वकीलबाई काही क्षण तिच्या ओठांकडे पाहत राहिली, वाक्य संपलंय की अजून यायचंय हे ठरवत असल्यासारखी. "मला वाटलं परीक्षेच्या कामाला गेलात. मी तक्रारपण केली ऑफिसात." मग तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, ते वाक्य शोधलं, पुन्हा वाचलं. "हे शेवटचं?"

"हो."

"चष्म्याचं?"

"चष्म्याचं."

"चांगलं आहे," मुलगी म्हणाली. "माझे आजोबा गेले तेव्हा मी तिथेच होते. ते काहीतरी म्हणाले, सगळे रडले. मी विचारलं काय म्हणाले. आई म्हणाली, नंतर सांगते. अजून सांगतेय." तिने खांदे उडवले. मग पडद्यावर, त्या वाक्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"काही नाही नको!" मुलीचा आवाज रिकाम्या वर्गात एवढा मोठा झाला की दाराबाहेरून जाणारा शिपाई डोकावून गेला. "असं कसं? माणूस बोलतो आणि पुढे काहीच नाही? तुम्हीच म्हणता, कुणाचं गाळायचं नाही. तुमचं राहिलंय."

तिला हसू आलं. "त्यांना एक शब्द लागायचा," ती म्हणाली. "सगळं वाक्य परत म्हणायचं आणि शेवटी तो शब्द. मी नाही म्हटला. नुसती बोटं हलवली."

"मग म्हणा ना."

"आता?"

"मी वाचते," वकीलबाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसली. हात मांडीवर, डोळे तिच्या ओठांवर. "उजेडाकडे वळा."

ती वळली. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ तोंडावर आलं. हात तोंडाकडे निघाला तो तिने परत खाली नेला. फळ्यावर सरांची नदी अजून होती, सपाटीवर पसरत गेलेली, अनेक बोटांची. तिच्या या वर्गातल्या सगळ्या वर्षांत इथे तिचा मोठा आवाज कधी उमटला नव्हता. तो कुठून काढायचा हे तिला क्षणभर कळेना. मग तिला शाफ्ट आठवला. आपण वर आहोत. खाली अंधार आहे, आणि त्यात एक माणूस हात हवेत धरून थांबलाय. त्याला इथून काहीच दिसत नाही.

"तुम्ही जरा पडताय," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण निघाला. "चष्मा काढलाय. उशीच्या उजव्या बाजूला ठेवलाय." ती थांबली. मान खाली जाऊ दिली नाही. मग तिने शब्द खालच्या मजल्यापर्यंत पोचावा इतक्या मोठ्याने म्हटलं,

"ऐकलं, बाबा. मी रोज ऐकत होते. ऐकलं."